२१ मार्चचा फळा कसा लिहायचा

आमच्या वाचनालयाच्या दाराशी एक फळा आहे. तीन फूट रुंद, दोन फूट उंच. रोज सकाळी कुलूप काढलं की आधी तो ओल्या फडक्यानं पुसायचा आणि त्या तारखेचा दिनविशेष लिहायचा, हे काम गेली चौदा वर्षं माझ्याकडे आहे. शाळेच्या परिपाठासाठी, कार्यालयाच्या सूचनाफलकासाठी किंवा एखाद्या गटावर टाकण्यासाठी हेच काम करणारे अधूनमधून माझ्याकडे विचारायला येतात. प्रश्न बहुतेक सारखाच असतो. एका तारखेला आठ-दहा दिवस येऊन पडतात, त्यातले खरे कोणते, लिहायचे कोणते, आणि लिहिल्यावर पुढे करायचं काय?

उत्तर नुसतं सांगून भागत नाही, एखादी तारीख पुरती करून दाखवावी लागते. म्हणून इथे २१ मार्च घेते. या तारखेवर इतकी गर्दी आहे की ती एकदा नीट लावता आली की बाकीच्या तारखा सोप्या वाटतात.

आधी वही करा. तारखेला एक पान, म्हणजे ३६६ पानं. २९ फेब्रुवारीलाही तिचं पान हवं. नवा दिवस कळला की त्या पानावर पेन्सिलीनं टिपायचा, खात्री झाली की शाईनं. माझ्या वहीत २१ मार्चच्या पानावर आज शाईनं लिहिलेलं हे आहे: वांशिक भेदभाव निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस, जागतिक कविता दिन, आंतरराष्ट्रीय वन दिन, जागतिक डाऊन सिंड्रोम दिन, आंतरराष्ट्रीय नवरोज दिन, जागतिक हिमनदी दिन, जागतिक बाहुलीनाट्य दिन, आंतरराष्ट्रीय रंग दिन. त्याखाली रेघ मारून एकेका देशाचे दिवस: नामिबियाचा स्वातंत्र्यदिन, दक्षिण आफ्रिकेचा मानवाधिकार दिन, ऑस्ट्रेलियाचा हार्मनी डे, इजिप्तसह अनेक अरब देशांतला मातृदिन, अमेरिकेतला एकल पालक दिन. पेन्सिलीतले अजून पाच-सहा आहेत. ते फळ्यावर जात नाहीत.

पेन्सिलीचं शाईत कधी करायचं, यासाठी मी तीन प्रश्न विचारते. कोणी ठरवला? कधी ठरवला? आणि हीच तारीख का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की दिवस खरा आहे एवढं कळतं. तिसऱ्याचं मिळालं की लिहायला काहीतरी हाती लागतं. फळ्यासमोर थांबलेल्या माणसाला नुसतं ‘आज वन दिन’ वाचून काही मिळत नाही. तो दिवस आजच का आला, हे कळलं तर तो ते घरी घेऊन जातो.

कोणी ठरवला?

इथे सरळ चार कप्पे पडतात. पहिला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा. तिथे ठराव होतो, त्याला क्रमांक असतो, वर्ष असतं, त्यामुळे पडताळणं सोपं. दुसरा कप्पा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा. कविता दिन युनेस्कोनं १९९९ साली पॅरिसच्या महापरिषदेत ठरवला. तिसरा त्या-त्या क्षेत्रातल्या जागतिक संघटनांचा. बाहुलीनाट्याचा दिवस युनिमा या बाहुलीकारांच्या संघटनेचा आहे. ती १९२९ साली प्राग शहरात स्थापन झाली आणि २००३ पासून हा दिवस पाळते. रंग दिनही असाच, आंतरराष्ट्रीय रंग संघटनेनं २००९ मध्ये स्वीकारलेला. चौथा कप्पा एकेका देशाचा.

या चौथ्या कप्प्यात लोक सर्वांत जास्त फसतात. इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये ‘राष्ट्रीय अमुक दिवस’ असं जे दिसतं, त्यातलं ‘राष्ट्रीय’ बहुतेक वेळा अमेरिकेचं असतं. यादी मराठीत आली की तो देश गळून पडतो आणि वाचणाऱ्याला तो आपलाच राष्ट्रीय दिवस वाटतो. २१ मार्चचा एकल पालक दिन घ्या. १९८४ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्याची घोषणा केली. दिवस खराच आहे, पण लिहायचा तर ‘अमेरिकेतील एकल पालक दिन’ असाच. ‘राष्ट्रीय’ शब्दाआधी देशाचं नाव आल्याशिवाय खडू खाली ठेवू नका.

एखाद्या माणसानं सुरू केलेला दिवस खोटा, असं मात्र समजू नका. १४ मार्चचा पाय दिवस (पाय म्हणजे गणितातला π, ३.१४) लॅरी शॉ या भौतिकशास्त्रज्ञानं १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात सुरू केला. पुढे २०१९ मध्ये युनेस्कोनं तीच तारीख आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून जाहीर केली. १९ नोव्हेंबरचा जागतिक शौचालय दिन सिंगापूरच्या जॅक सिम यांनी २००१ मध्ये सुरू केला आणि २०१३ मध्ये आमसभेनं तो आपला म्हटला. तेव्हा दिवस कोणाचा हे सांगून टाकलं की झालं, तो लहान की मोठा हा वाद नाही. ज्याचा कोणी धनीच सापडत नाही, तो दिवस पेन्सिलीतच राहू द्या.

‘कधी’चं उत्तर पटकन सापडतं, आणि त्यावरून जुन्या यादीची पारखही होते. हिमनदी दिनाचा निर्णय आमसभेनं २०२२ च्या डिसेंबरमध्ये घेतला आणि तो पहिल्यांदा २०२५ मध्ये पाळला गेला. तुमच्याकडच्या यादीत तो नसेल तर ती यादी जुनी आहे. वन दिनाच्या बाबतीत उलट होतं. २१ मार्च हा जागतिक वन दिन म्हणून १९७१ मध्येच ठरला होता, आमसभेनं सध्याच्या नावानं तो २०१२ मध्ये जाहीर केला. म्हणून एका यादीत १९७१ आणि दुसरीत २०१२ दिसलं तर गोंधळू नका, दोन्ही बरोबर आहेत.

हीच तारीख का?

२१ मार्चवर इतकी गर्दी होण्याचं मुख्य कारण आकाशात आहे. या सुमाराला सूर्य विषुववृत्तावर येतो, दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे होतात. इराणी पंचांगाचं नवं वर्ष या संपाताच्या क्षणाशी बांधलेलं आहे, म्हणून नवरोज. आमसभेनं २०१० मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय दिवस केला. रंग दिनाची तारीख ठरवतानाही उजेड आणि अंधार यांची बरोबरी हेच कारण होतं. अरब देशांतला मातृदिन वसंताच्या पहिल्या दिवसाशी जोडलेला आहे, इजिप्तमध्ये तो १९५६ पासून आहे.

इथे दोन चुका होतात. एक म्हणजे ‘आज वसंत ऋतूचा पहिला दिवस’ असं सरसकट लिहिणं. तो फक्त उत्तर गोलार्धात. दक्षिण गोलार्धात त्याच दिवशी शरद सुरू होतो. दुसरी म्हणजे ‘आज दिवस-रात्र समान’. संपात दरवर्षी २१ तारखेलाच येत नाही, हल्ली तर बहुधा २० मार्चला येतो. पृथ्वीची प्रदक्षिणा ३६५ दिवसांहून साधारण सहा तास जास्त घेते, त्यामुळे तो क्षण दरवर्षी तेवढा पुढे सरकतो आणि लीप वर्षात पुन्हा मागे येतो. शिवाय एकाच क्षणी जगात दोन तारखा चालू असतात, म्हणून एका देशात २० आणि दुसऱ्यात २१ असंही होतं. त्या वर्षीची वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे बघूनच लिहा. आणि ‘जवळजवळ’ हा शब्द गाळू नका. सूर्याची वरची कड दिसली की आपण उगवला म्हणतो, आणि हवेतल्या प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे सूर्य आहे त्याहून थोडा वर दिसतो. या दोन्हींमुळे संपाताच्या दिवशीही दिवस रात्रीपेक्षा काही मिनिटं मोठाच असतो.

डाऊन सिंड्रोम दिनाची तारीख आकड्यांतून आली आहे, आणि मला ती फार नेमकी वाटते. आपल्या पेशींमध्ये गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या बहुतेक व्यक्तींमध्ये २१ व्या गुणसूत्राच्या दोन नव्हे, तीन प्रती असतात. एकविसावं गुणसूत्र, तीन प्रती. २१ तारीख, तिसरा महिना. हा दिवस २००६ पासून पाळला जातो आणि संयुक्त राष्ट्रांनी २०१२ पासून तो आपल्या यादीत घेतला. त्या दिवशी दोन पायांत दोन वेगळे मोजे घालतात, कारण गुणसूत्रांचा आकार मोज्यांच्या जोडीसारखा दिसतो.

याच दिवसानं मला शब्द जपून वापरायला शिकवलं. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मी ‘डाऊन सिंड्रोमग्रस्त मुलांसाठी’ असं लिहिलं होतं. दुपारी एक वाचक पुस्तक बदलायला आले, सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी. ते फळ्यापाशी थांबले, अंगठा ओठांना लावून ओला केला आणि ‘ग्रस्त’ एवढाच शब्द पुसला. मग आत येऊन मला म्हणाले, “ताई, राग मानू नका. ती आजारी नाहीये.” मी त्या रिकाम्या जागेत ‘असलेल्या’ लिहिलं आणि ‘मुलांसाठी’चं ‘व्यक्तींसाठी’ केलं, कारण ही मुलं मोठीही होतात. तेव्हापासून आरोग्याशी किंवा अपंगत्वाशी संबंधित कोणताही दिवस असो, ज्यांचा तो दिवस आहे ते स्वतःविषयी कोणते शब्द वापरतात ते आधी शोधते आणि मगच लिहिते.

आता त्या पानावरचा पहिला दिवस. २१ मार्च १९६०. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांना सतत जवळ पास, म्हणजे ये-जा करण्याचा सरकारी परवाना, बाळगावा लागे. तो नसेल तर अटक. त्या दिवशी शार्पव्हिल या वस्तीतले हजारो लोक पास घरी ठेवून पोलीस ठाण्याकडे चालत गेले. ‘आमच्याकडे पास नाही, आम्हाला अटक करा,’ एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्याप्रमाणे ६९ माणसं मेली, पुष्कळांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. १९६६ मध्ये आमसभेनं हीच तारीख वांशिक भेदभाव निर्मूलनासाठी ठरवली. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेनं तो मानवाधिकार दिन केला. १० डिसेंबर १९९६ रोजी नेल्सन मंडेला यांनी देशाच्या नव्या राज्यघटनेवर सही केली, ती शार्पव्हिलमध्येच. त्याच दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातून नामिबिया स्वतंत्र झाला, तोही २१ मार्चलाच, १९९० साली. या तीन गोष्टी एका खाली एक लिहिल्या की तारखेचा अर्थ आपोआप उभा राहतो.

म्हणून या दिवसाबद्दल माझा आग्रह आहे. दरवर्षी फुलांच्या चित्रासह ‘वांशिक भेदभाव निर्मूलन दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’ असे संदेश फिरतात, ते पुढे पाठवू नका. आपल्या भाषेत दिवस ‘साजरा करणं’ आणि ‘पाळणं’ असे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगाच नाहीत. कविता दिन साजरा करायचा, बाहुलीनाट्याचा साजरा करायचा. शार्पव्हिलचा दिवस पाळायचा. ऑस्ट्रेलियानं १९९९ पासून त्याच तारखेला हार्मनी डे सुरू केला. सलोख्याचा दिवस असावा, त्याला माझी ना नाही, पण त्या नावातून शार्पव्हिल पुसून गेलं, हे मला पटत नाही.

जन्मदिनांबद्दल थोडंसं, कारण दिनविशेषात तेही येतात. संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांचा जन्म २१ मार्च १६८५ असा लिहिलेला सापडेल आणि ३१ मार्च १६८५ असाही. चूक कोणाचीच नाही. ते जन्मले तिथे तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं, ते आजच्या कॅलेंडरच्या दहा दिवस मागे होतं. जुन्या काळातल्या तारखेत असा दहा-अकरा दिवसांचा फरक दिसला की आधी कॅलेंडर तपासा.

फळ्यावर किती आणि काय

एक मोठा दिवस, दोन लहान. याहून जास्त लिहिलं की कोणी थांबत नाही. मी सुरुवातीची दोन वर्षं सगळेच लिहीत होते आणि लोक नजर फिरवून पुढे जात होते. मोठा दिवस दरवर्षी बदलते आणि वहीत त्याच्यापुढे साल टाकते, म्हणजे सात-आठ वर्षांत सगळ्यांची पाळी येते. शार्पव्हिलची ओळ मात्र मोठी असो वा लहान, दरवर्षी राहते.

मजकूर पन्नास शब्दांच्या आत बसवा. नाव, कारण, आणि करण्यासारखं एक काम. गेल्या वेळचा माझा फळा असा होता:

‘आज जागतिक डाऊन सिंड्रोम दिन. २१ व्या गुणसूत्राच्या ३ प्रती, म्हणून २१/३. आज दोन वेगळे मोजे घाला आणि कोणी विचारलं तर कारण सांगा. आजच: शार्पव्हिल, १९६०. पास नाकारणाऱ्या निःशस्त्र लोकांवर गोळीबार. वांशिक भेदभाव निर्मूलनाचा दिवस. आजच: जागतिक कविता दिन.’

करायला सुचवलेलं काम दहा मिनिटांत होणारं असावं, आणि त्याचा तारखेशी संबंध असावा. वन दिनाला सगळे झाड लावा म्हणतात. मी झाड मोजा म्हणते. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर खोडाभोवती फीत गुंडाळायची, आलेल्या घेराला ३.१४ नं भागायचं, व्यास मिळतो. पुढच्या २१ मार्चला तेच झाड, तीच उंची. लावलेलं झाड विसरलं जातं, मोजलेल्या झाडाकडे माणूस वर्षानं परत येतो. कविता दिनाला एक कविता मोठ्यानं वाचायची, एवढं पुरे. कविता म्हणून दाखवण्याची परंपरा टिकावी हा युनेस्कोचाही एक हेतू होता.

संपातासाठी माझ्या आवडीचा प्रयोग आहे. सपाट जागेवर मोठा कागद पसरा, मधोमध पेन्सिलीएवढी काडी ताठ उभी करा. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत दर तासाला सावलीच्या टोकाशी ठिपका द्या. कागद हलू देऊ नका, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा. शेवटी ठिपक्यांवर पट्टी ठेवा. इतर दिवसांत ते ठिपके वळणावर पडतात, या दिवसांत मात्र एका सरळ रेषेत येतात, आणि ती रेषा पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. २० ला करा की २२ ला, डोळ्यांना फरक जाणवत नाही, त्यामुळे ढग आले तर दुसऱ्या दिवशी करता येतो. पट्टी ठेवल्यावर सगळे ठिपके तिच्या कडेला लागलेले पाहताना मुलं एकदम गप्प होतात, हे मी दरवेळी बघते.

आणि बाहुली. जोडीदार हरवलेला मोजा प्रत्येक घरात असतो. तो हातात घाला, टाच मनगटाच्या वर, बोटांच्या पेरांवर येईल अशी. पुढचं टोक चार बोटं आणि अंगठा यांच्यामध्ये आत दाबलं की तोंड तयार. पेरांच्या किंचित पुढे दोन बटणं शिवा, अगदी जवळजवळ. डोळे लांब लांब लावले की बाहुली कुठे बघते ते कळत नाही. बोलवताना चार बोटं वर उचलू नका, अंगठा खाली न्या. आपलंही बोलताना खालचा जबडाच हलतो. प्रत्येक अक्षराला तोंड एकदा उघडायचं: ‘क-वि-ता’ म्हणजे तीनदा. मनगट जरा खाली झुकवा, नाहीतर बाहुली छताकडे बघत बोलते. एका वर्षी आमच्याकडे अशाच दोन बेजोड मोज्यांच्या बाहुल्यांनी एकमेकींना कविता म्हणून दाखवली. एका तारखेचे तीन दिवस एका टेबलावर आले, आणि त्यासाठी कोणताही दिवस ओढूनताणून आणावा लागला नाही. असं आपसूक जुळलं तरच जोडा. शार्पव्हिलला अशा खेळात घेऊ नका.

हिमनदी दिन अजून नवा आहे, त्यासाठी मी फक्त एक वाक्य लिहिते: पृथ्वीवरच्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी हिमनद्या आणि हिमस्तर यांत गोठलेलं आहे. ही ओळ फळ्याच्या अगदी तळाशी लिहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी फळा पुसताना तेवढी ओळ तशीच ठेवते आणि तिच्या वर नवी तारीख लिहिते: २२ मार्च, जागतिक जल दिन, १९९३ पासून.